रिपोर्ट आला, वाचणार कोण?

पुण्यात रक्त तपासून घेणं अगदी सोपं झालं आहे. टिळक रोड असो, हडपसर असो की चिंचवड, चालत जाण्याच्या अंतरावर एखादी लॅब असतेच. तेवढंही नको असेल तर सकाळी सातला घरी येऊन रक्त घेऊन जातात आणि संध्याकाळी पीडीएफ मोबाइलवर येते. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या आणि आता स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे ट्रान्स स्त्रीने, इस्ट्रोजेन सुरू केलेलं असेल तर त्या पीडीएफमधले ठळक आकडे आणि शेजारचे ‘एच’ (जास्त) नि ‘एल’ (कमी) तिला पुष्कळदा काहीच सांगत नाहीत, कधी कधी तर भलतंच सांगतात. ते समजावून देणारा माणूस लागतो, आणि तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही.

काही काळ तो एका ठिकाणी मिळत होता. पुण्यात या विषयावर उघड बोलणं तसं नवं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट 2002 मध्येच काढला. पण हार्मोनचा सल्ला, एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन एका छताखाली देणारं ‘मित्र क्लिनिक’ आलं ते 2021 साली. आधी हैदराबादला, मग कल्याण आणि पुण्याला. कर्मचारी बरेचसे ट्रान्स समाजातलेच, त्यामुळे काउंटरवर ‘सर की मॅडम’ असा घोळ नाही. पैसा मात्र अमेरिकेच्या यूएसएडचा होता. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही ठिकाणचं काम थांबलं. हैदराबादचं केंद्र त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडलं. आपल्या देशाच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्यातलं कलम 15 हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं, तीही स्पष्ट शब्दांत. मात्र कलम वाचून कुणाला आपलं पोटॅशियम कळत नाही.

तेव्हा तो कागदच वाचू या. सुरुवात आकड्यांपासून नाही, काउंटरवरून करायची. फॉर्म भरणारा मुलगा नाव विचारतो, वय विचारतो आणि ‘मेल’ किंवा ‘फीमेल’वर टिचकी मारतो. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापून येणारी ‘नॉर्मल’ मर्यादा त्या टिचकीवर ठरते. नमुन्यादाखल हिमोग्लोबिन 12.6 धरा. ‘मेल’ लिहिलं असेल तर खालची मर्यादा साधारण 13, म्हणून शेजारी ‘एल’ येतो. ‘फीमेल’ लिहिलं असेल तर मर्यादा 12 आणि सगळं आलबेल. रक्त तेच, बाटली तीच. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी तयार करायला चालना देतं. ते उतरलं की पहिल्या काही महिन्यांतच हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीवर येतं. हा आजार नव्हे, उपचार लागू पडल्याची ही खूण आहे. पण ‘एल’ बघून कुणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून देतं आणि ती बिचारी बद्धकोष्ठ सोसत बसते.

क्रिएटिनिनचं उलट होतं. 1.2 हा आकडा पुरुषाच्या रकान्यात बसतो, बाईच्या रकान्यात त्यावर ‘एच’ लागतो. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून, आणि स्नायू महिना-दोन महिन्यांत बदलत नाहीत. म्हणून उपचाराच्या सुरुवातीला पुरुषांची मर्यादा जवळची, नंतर हळूहळू बायकांची. मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणारा ईजीएफआरचा आकडाही त्याच टिचकीवर हलतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘इतर’ असा तिसरा पर्याय असला तरी त्याच्यासमोर छापायला वेगळ्या मर्यादा हव्यात, आणि त्या अजून फारशा तयारच झालेल्या नाहीत.

आता एस्ट्राडायॉल, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं मुख्य इस्ट्रोजेन, ज्यासाठी खरं तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ‘फीमेल’ निवडलं की रिपोर्टवर चार ओळी येतात: पाळीनंतरचे दिवस, मधले दिवस, पाळीआधीचे दिवस, पाळी गेल्यानंतर. ट्रान्स स्त्रीला यातली एकही ओळ लागू नाही. तिच्यासाठी डॉक्टर पाहतात ती मर्यादा निराळी असते. 2017 च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार एस्ट्राडायॉल दर मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅम, आणि टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासायचं, मग वर्षातून एक-दोनदा. कोलकात्याच्या ‘आयडिया’ गटाच्या हार्मोनतज्ज्ञांनी 2020 मध्ये भारतीय डॉक्टरांसाठी याच विषयावर सहमती-पत्रक काढलं आहे, म्हणजे ‘आम्हाला शिकवलंच नाही’ ही सबब आता चालण्यासारखी नाही.

इथे एकक नीट वाचायला हवं. इंग्लंडमधले रिपोर्ट पिकोमोलमध्ये असतात. तिथे 400 ते 600 हे लक्ष्य सांगतात. आपल्याकडे पिकोग्रॅम. पिकोग्रॅमला 3.67 ने गुणलं की पिकोमोल मिळतात, म्हणजे तिकडचे 400 ते 600 हे इकडचे 109 ते 163. हे न कळता एखादी मुलगी आपल्या 150 वर हिरमुसते आणि डोस वाढवत सुटते. आकडा जितका मोठा तितके स्तन वाढतात, केस दाट होतात, असं काही सिद्ध झालेलं नाही. धोका मात्र वाढतो.

रक्त कधी काढलं हेही महत्त्वाचं. गोळी जिभेखाली विरघळवली तर तासाभरात पातळी उंच उडते आणि काही तासांत कोसळते. सकाळी गोळी घेऊन नऊला लॅबमध्ये गेलेली आणि रात्रीची गोळी घेऊन दुसऱ्या दुपारी गेलेली, दोघींचा डोस एकच असून रिपोर्ट दोन टोकांचे येतील. इंजेक्शन घेणाऱ्यांनी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी रक्त द्यावं. जेल लावणाऱ्यांनी ज्या हाताला जेल लावलं त्या हाताचं रक्त देऊ नये. त्वचेवरचा औषधाचा अंश सुईबरोबर नमुन्यात गेला की आकडा वेडावाकडा फुगतो. आणि केसांसाठी घेतलेलं बायोटिन! हार्मोन मोजणाऱ्या काही यंत्रांची रसायनं बायोटिनवरच चालतात. गोळीतलं जास्तीचं बायोटिन मधे आलं की एस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त, तर थायरॉइडचं टीएसएच आणि दूध आणणारं हार्मोन प्रोलॅक्टिन खोटे कमी दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. मोठ्या डोसचं बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

सगळ्यात फसवा रिपोर्ट मात्र वेगळाच. डॉक्टरकडे जायची सोय नाही, लाजही वाटते, म्हणून अनेक जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणतात. माला-डी स्वस्त आहे आणि सहज मिळते. तिच्यात 30 मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल आणि जोडीला लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. पाळी येणाऱ्या बाईने रोज एक घ्यावी म्हणून ती बनवली आहे. इथे दिवसाला तीन-चार घेतल्या जातात. मग हौसेने एस्ट्राडायॉल तपासलं की येतं 15 किंवा 20. कारण ही तपासणी शरीरात तयार होणारं एस्ट्राडायॉल ओळखते. एथिनिल एस्ट्राडायॉल हा निराळा रेणू, तो तिला दिसत नाही. अंगात इस्ट्रोजेनचा मारा चालू आहे आणि कागद सांगतो, काहीच नाही. ती आणखी दोन गोळ्या वाढवते.

एथिनिलचा खरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा. आम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये 303 ट्रान्स स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या बहुतांशी एथिनिल एस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन थोपवणारं सायप्रोटेरॉन घेत होत्या. शिरांमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण अपेक्षेच्या 45 पट आढळलं. पुढे एथिनिल मागे पडलं, साधं एस्ट्राडायॉल आलं, चाळिशीनंतर त्वचेतून देण्याकडे कल वाढला आणि धोका बराच उतरला. तंबाखू आणि सिगारेट सोडायला डॉक्टर सांगतात ते गुठळ्यांच्या याच धोक्यामुळे. नेहमीच्या रिपोर्टमधला कुठलाही आकडा गुठळीची आगाऊ खबर देत नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली तर लॅब नको, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

टेस्टोस्टेरॉनकडे वळू. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी रक्तातले लैंगिक हार्मोन मोजत असते, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलसारखी. इस्ट्रोजेन पुरेसं दिसलं की ती वृषणांकडे जाणारा निरोप बंद करते. तेवढ्याने भागलं नाही तर सोबत दुसरं औषध देतात, आणि ते कोणतं यावर रिपोर्टचा अर्थ बदलतो. सायप्रोटेरॉन टेस्टोस्टेरॉन खरोखर खाली आणतं. दिवसाला 10 मिलिग्रॅमही पुष्कळ होतात. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतल्यास मेनिन्जिओमा या मेंदूच्या आवरणाच्या गाठीची शक्यता वाढते, म्हणून युरोपच्या औषध संस्थेने 2020 मध्ये त्यावर बंधनं आणली. स्पायरोनोलॅक्टोन मुख्यतः टेस्टोस्टेरॉनला पेशीच्या दारात अडवतं. त्यामुळे आकडा तितका न उतरताही अंगावरचे केस विरळ होऊ शकतात. नुसत्या आकड्यावरून ‘औषध लागू पडत नाही’ असा निकाल देणं तिथे चूक.

स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम बघावंच लागतं, 5.1 च्या पुढे गेलं की डॉक्टरांना कळवायचं. शहाळी, कमी सोडियमचं मीठ, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांची त्यात भर पडते. पण घाबरण्याआधी रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते पाहा. पट्टा करकचून बांधला, मूठ वारंवार आवळायला लावली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या की पोटॅशियम उगाच चढतं. पुन्हा तपासलं की खाली येतं.

प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की इंटरनेट थेट मेंदूतल्या गाठीवर पोचतं. आधी घरातला औषधांचा डबा बघा. आपल्याकडे पित्तावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या ‘पॅन-डी’मधलं ‘डी’ म्हणजे डोम्पेरिडोन. तेही प्रोलॅक्टिन वाढवतं. काही मनोविकाराच्या गोळ्यांनी आणि सायप्रोटेरॉननेही ते वाढतं.

निर्वाण झालेल्यांची, म्हणजे वृषणं काढून टाकलेल्यांची, गोष्ट निराळी, आणि तिच्याकडे कुणीच लक्ष देत नाही. वृषणं काढली की टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं, ते थोपवणाऱ्या औषधाची गरज उरत नाही. अनेक जणींना वाटतं, काम झालं, आता हार्मोनही नको. मग एलएच आणि एफएसएच हे निरोप्ये हार्मोन उंच चढतात, आणि शरीरात दोन्हीपैकी एकही लैंगिक हार्मोन न राहिल्याने हाडं झिजू लागतात. ही झीज रक्तात दिसत नाही, त्यासाठी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लागतो. प्रोस्टेट मात्र निर्वाणानंतरही जागेवरच असतं, योनी-रचनेच्या शस्त्रक्रियेनंतरसुद्धा. इस्ट्रोजेनवर पीएसए हा प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा खूप खाली येतो, म्हणून नेहमीची 4 ची मर्यादा इथे चालत नाही. 1 च्या वर गेला तरी विचार करायला हवा. ‘फीमेल’ लिहिलेल्या फॉर्मवर पीएसए मागितला की काउंटरवर हसू येतं. येऊ द्यावं, तपासणी करून घ्यावी.

हे सगळं वाचायला हार्मोनतज्ज्ञच हवा असं नाही. पुण्याच्या पेठांमधले फॅमिली डॉक्टर मधुमेह आणि थायरॉइडचे रिपोर्ट रोज वाचतात. हे त्याहून अवघड नाही. असा रिपोर्ट टेबलावर आला तर त्यांनी आधी चारच गोष्टी विचाराव्यात: फॉर्मवर काय लिहिलं होतं, औषध नेमकं कुठलं, शेवटचा डोस किती वाजता, आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. ‘एच’ आणि ‘एल’ त्यानंतर बघावेत.