आधी मादी तपासा, मग अंडी ठेवा

रेशमाच्या अळ्या खडूसारख्या पांढऱ्या आणि कडक होऊन मरतात, त्याला कारण एक बुरशी आहे आणि ती एका अळीकडून दुसरीकडे जाते, हे इटलीच्या आगोस्तीनो बास्सी यांनी १८३५ मध्ये छापून दाखवलं. जंतूंमुळे रोग होतात ही गोष्ट जगाला पटायला अजून कित्येक वर्षं लागायची होती. त्या मानाने बास्सींचं नाव फारसं घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

पुढचं संकट मोठं होतं. फ्रान्समध्ये १८५३ साली सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते. १८६५ पर्यंत ते ४० लाखांवर आले. रोगाचं नाव पेब्रीन. अळीच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके पडत. त्या वर्षी लुई पाश्चर आलेस गावी पोहोचले, तेव्हा कोषात काय असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. रोगट अळ्यांत दिसणारे चकचकीत लंबगोल कण म्हणजेच परजीवी, हे त्यांना सुरुवातीला मान्य नव्हतं. पण रोग मादीच्या पोटातून अंड्यांत उतरतो हे कळलं आणि वाट सापडली. प्रत्येक मादीची अंडी वेगळी घ्यायची, मग तिला खलात पाण्याबरोबर घोटून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कण दिसले की अंडी जाळायची.

आपल्याकडे शेतकरी ‘रोगमुक्त अंडीपुंज’ मागतो, ते याच पद्धतीने तयार होतात. बाकीची भिस्त स्वच्छतेवर. ग्रासेरी हा रोग झालेली अळी फुगते, कातडी फाटून दुधासारखा द्रव गळतो आणि तो लागलेलं पान खाणाऱ्या अळ्याही जातात. एकदा लागण झाली की औषध नाही. म्हणून बॅच येण्याआधी संगोपनगृह ब्लीचिंग पावडर आणि चुन्याने निर्जंतुक करायचं, अळ्या कातीवर बसल्या की चुना धुरळायचा, रोगट अळी चिमट्याने उचलून टाकायची. हे कंटाळवाणं काम जो नेमाने करतो, त्याचेच कोष हाती लागतात.



भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाला मात्र भिंतीच नाहीत. ढिवर समाजातले पालक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर अळ्या वाढवतात. जंगल निर्जंतुक करता येत नाही, त्यामुळे तिथे मादीची तपासणी चुकली तर पुढे सावरायला फारसं काही उरत नाही.