एकच बाटली साबणात, मेणबत्तीत आणि क्रीममध्ये? थांबा, आधी हे वाचा



मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एक ताई दुकानात आल्या. हातात मोगऱ्याची १०० मिलीची बाटली, त्यावर मोठ्या अक्षरात ‘हर्बल’. म्हणाल्या, “मॅडम, दिवाळीला साबण, मेणबत्ती आणि बॉडी बटर असा सेट करायचाय. तिन्हीत हेच घालते, म्हणजे वास एकसारखा येईल.”

सेटची कल्पना छानच आहे. पण मी त्यांना थांबवलं. कारण तीच चूक मी स्वतः करून बसले आहे.

माझ्या ४० डब्या

दुकानाचं दुसरंच वर्ष होतं. ४० गिफ्ट हॅम्परची ऑर्डर मिळाली, प्रत्येकात ५० ग्रॅमची बॉडी बटरची डबी. म्हणजे एकूण २ किलो माल. मेणबत्तीत ६ टक्के तेल घातलं की घरभर वास येतो, हे मला माहीत होतं. मग तेच गणित बॉडी बटरला लावलं आणि १२० ग्रॅम तेल ओतून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. एका ताईंच्या हातावर लाल चट्टे आणि खाज. संध्याकाळी दुसरा फोन. मी सगळ्या ४० डब्या परत मागवल्या, पैसे परत दिले. ज्याच्याकडून तेल घेतलं त्याला कागद मागितले, तर उत्तर काय? “मॅडम, हर्बल आहे, काही होत नाही.” पुढच्या दिवाळीला ती ऑर्डर आलीच नाही. पैसे गेल्याचं दुःख विसरले, पण ते गिऱ्हाईक गेल्याचं अजून विसरले नाही.

‘हर्बल’ बाटलीत नक्की काय असतं?

बाजारात एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात.

१. इसेन्शियल ऑइल: गवती चहा, निलगिरी, वाळा अशा वनस्पतींपासून, बहुतेक वेळा वाफेवर काढलेलं तेल.

२. फ्रेग्रन्स ऑइल: सुगंधी घटक एकत्र करून बनवलेलं. ते नैसर्गिक, कृत्रिम किंवा दोन्ही असू शकतात.

३. मुरवलेलं तेल: खोबरेल किंवा तिळाच्या तेलात तुळस, कडुनिंब, गुलाबपाकळ्या मुरवून केलेलं. त्वचेसाठी बरं, पण मेणबत्तीत याचा वास जवळजवळ येतच नाही.

आता मोगऱ्याचं बघा. हे फूल नाजूक. वाफेवर त्याचं तेल सहज निघत नाही, म्हणून सॉल्व्हंट वापरून ‘अ‍ॅब्सोल्यूट’ काढतात आणि ते १० मिलीच हजारांच्या घरात जातं. मग दोन-तीनशे रुपयांत १०० मिली ‘शुद्ध मोगरा’ कसा मिळेल? ते फ्रेग्रन्स ऑइलच असणार. फ्रेग्रन्स ऑइल वाईट नाही हं. मी स्वतः ते विकते आणि वापरतेही. फक्त त्याला त्याच्या नावानं ओळखा.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे सुरक्षित’ हेही डोक्यातून काढा. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल क्रीममध्ये जास्त पडलं आणि ती क्रीम लावून कोणी उन्हात गेलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. दालचिनी आणि लवंगेची तेलंही अनेकांच्या त्वचेला झोंबतात.

प्रमाण: इथेच सगळा खेळ आहे

साबण आपण धुऊन टाकतो. मेणबत्ती त्वचेला लागतच नाही. क्रीम मात्र तासन् तास अंगावर राहते. म्हणून तिन्हींचं प्रमाण वेगळं. मी सुरुवातीला हे धरते:

- मेल्ट अँड पोअर साबण: १ ते २ टक्के. १ किलो बेसला जास्तीत जास्त २० ग्रॅम. बेस ५५ ते ६० अंशांवर आल्यावर घाला.
- सोया मेणबत्ती: ६ ते ८ टक्के. ५०० ग्रॅम मेणाला ७ टक्क्यांनी ३५ ग्रॅम. मेण साधारण ६५ ते ७० अंशांवर असताना घाला आणि सावकाश दोन मिनिटं ढवळा. जास्त तेल घातलं तर ते मेणात न मावता वर घाम आल्यासारखं सुटतं.
- अंगाला लावून ठेवायच्या वस्तू: ०.५ टक्के. १०० ग्रॅमला फक्त अर्धा ग्रॅम, तेही मिश्रण कोमट झाल्यावर. चेहऱ्यासाठी त्याहून कमी, किंवा बिनवासाचंच ठेवा.

म्हणजे माझ्या त्या २ किलोला १० ग्रॅम पुरलं असतं. मी बारा पट घातलं होतं!

ही आकडेवारी सुरुवातीपुरती. शेवटचा शब्द आयएफआरए सर्टिफिकेटचा. ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. प्रत्येक सुगंध कोणत्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती चालतो, ते या कागदावर लिहिलेलं असतं. साबणासाठी कॅटेगरी ९, मेणबत्तीसाठी १२, बॉडी लोशनसाठी ५ए आणि चेहऱ्याच्या क्रीमसाठी ५बी बघा. तिथला आकडा माझ्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तोच पाळायचा. कागद मिळत नसेल, तर ते तेल त्वचेच्या वस्तूत घालायचं नाही. विषय संपला.

थेंब मोजू नका, वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा काहीशे रुपयांत येतो. ४० डब्यांपेक्षा नक्कीच स्वस्त!

कोल्ड प्रोसेस करणाऱ्यांसाठी एक सूचना. लवंगेच्या तेलानं मिश्रण भांड्यातच घट्ट होऊन बसतं आणि व्हॅनिलासारख्या वासांनी साबण तपकिरी होतो. आधी २०० ग्रॅमची छोटी बॅच करून बघा.

खर्च किती येतो?

समजा तेल १०० ग्रॅमला ३०० रुपये. १ किलो साबणात २० ग्रॅम म्हणजे ६० रुपये. १०० ग्रॅमचे दहा साबण झाले, तर एका साबणामागे ६ रुपये. कागद देणारा विक्रेता १०० रुपये जास्त घेत असेल, तर साबणामागे फक्त २ रुपये वाढतात. या २ रुपयांत तुमची झोप शांत होते.

लेबल आणि लायसन्स

फ्रेग्रन्स ऑइल घातलं असेल तर लेबलवर ‘१०० टक्के नैसर्गिक’ लिहू नका. ‘मोगऱ्याचा सुगंध’ लिहा, खरं आहे आणि विकलंही जातं. ‘पिंपल बरे होतात’, ‘एक्झिमा जातो’ असलं तर चुकूनही नको. बरं करण्याचा दावा केला की तुमची वस्तू कायद्याने औषधात मोडू शकते.

अंगाचा साबण आणि क्रीम विकायला बनवत असाल, तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार लायसन्स लागतं. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडून, म्हणजे एफडीएकडून मिळतं. स्वतःचं युनिट नसेल, तर लायसन्स असलेल्या उत्पादकाकडून लोन लायसन्सवर माल बनवून घेता येतो. मेणबत्तीला हे कॉस्मेटिक लायसन्स लागत नाही. म्हणून नवीन लोकांना मी सांगते, सुरुवात मेणबत्तीने करा, हात बसू दे.

मग त्या ताईंनी काय केलं?

मोगऱ्याची बाटली मेणबत्तीला ठेवली. साबणासाठी कागद असलेलं दुसरं तेल घेतलं. बॉडी बटर लायसन्सचं काम होईपर्यंत घरापुरतंच आणि बिनवासाचं करायचं ठरवलं. सेट दोन वस्तूंचा झाला, पण तो त्या बिनधास्त विकू शकतील असा होण्याच्या वाटेवर आहे. साबणाच्या लायसन्सची चौकशीही सुरू केली आहे.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ: घरातल्या सगळ्या तेलाच्या बाटल्या बाहेर काढा. ज्यांचा कागद आहे त्या एका बाजूला, नाही त्या दुसऱ्या. आज विक्रेत्याला एक मेसेज टाका, “आयएफआरए सर्टिफिकेट पाठवा.” कोण पाठवतो आणि कोण ‘काही होत नाही’ म्हणतो, त्यावरून पुढचा माल कुठून घ्यायचा ते तुम्हालाच कळेल.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. काटा आणि वही घेऊन बसा!