अशांत काळातील शांती

युद्ध दूर देशी होते. पण त्याची झळ नेरच्या पेठेस लागल्यावाचून राहत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली असता वऱ्हाडच्या कापसास मोठा भाव आला आणि ती संपताच तो कोसळला. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा सूर्यफुलाचे तेल आमच्या किराणा दुकानांत महागले. अशा वेळी मनुष्याच्या चित्तास दोन विकार ग्रासतात: भय व लोभ. भ्यालेले गिऱ्हाईक गरजेहून अधिक माल नेते, लोभावलेला व्यापारी कोठारास कुलूप घालतो. आणि युद्धाने जी टंचाई आणली नव्हती, ती आपणच निर्माण करतो.

या विकारांवर सर्वच धर्मांनी शांतीचे औषध सांगितले आहे. ख्रिस्ती शास्त्रातील शांती ही केवळ सोसणाऱ्याची, निष्क्रिय शांती होय, असा समज आमच्या सुशिक्षितांतही आढळतो. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय पाहावा. येशू शिष्यांस शांती देतो, भय धरू नका म्हणतो. पण कोणत्या घटकेस? त्याच रात्री त्यास अटक व्हावयाची आहे आणि पुढे क्रूस उभा आहे. संकट टळेल, असे आश्वासन तेथे नाही. संकटातही कर्तव्य सुटू नये, एवढे बळ मात्र आहे.

हे केवळ पोथीतले बोलणे नव्हे. याचा दाखला शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच आहे. तंजावरचे ख्रिस्ती गृहस्थ जे. सी. कुमारप्पा मुंबईत हिशेबतपासनिसाचा व्यवसाय करीत. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्याचे चिटणीस होऊन ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहिले. पुढे महायुद्ध पेटले, १९४२ चे आंदोलन उसळले आणि कुमारप्पांना जबलपूरचा तुरुंगवास घडला. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक येशूचे आचरण व उपदेश यांवर, दुसरे चिरकाल टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेवर. दोन्ही १९४५ साली प्रसिद्ध झाली. एकाच बंदिवासात धर्मशास्त्र व अर्थशास्त्र शेजारी बसले, हेच यातील मर्म होय. ओरबाडण्यावर उभारलेला व्यवहार अखेर हिंसेसच जन्म देतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याचे मन शांत झाले, त्याने डोळे मिटले नाहीत. युद्धाचे मूळ शोधले.

गिरिप्रवचनातही देव आणि धन यांपैकी धनी एकच निवडावा लागेल, असे बजावले आहे. ही गोष्ट हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन, कोणाही दुकानदारास परकी वाटण्याचे कारण नाही. तेव्हा पुढील अफवा पेठेत येईल, त्या दिवशी दुकान उघडे ठेवावे, माल कालच्याच भावाने द्यावा आणि गरजेपुरताच द्यावा. शांतीचा पाठ तेथूनच सुरू होतो.