अस्तर आखूड पडलं!

घरात गोधडी असेल तर जरा उलटी करून पाहा. मागचं कापड ते अस्तर. गेल्या मे महिन्यात आमच्या भाईंदरच्या घरी आजीच्या लुगड्याचं अस्तर लावायचं ठरलं. मी ते वरच्या कापडाएवढंच कापलं. अगदी मोजून! धावदोरा कडेला पोचला, तर अस्तर चार बोटं आखूड. थरांतून दोरा ओढला की कापड आक्रसतं, सरकतं. पण आजीचं लुगडं पुन्हा कुठून आणणार? शेवटी परक्या कापडाची पट्टी जोडली. ती अजून डोळ्यांत खुपते.

म्हणून अस्तर चारी बाजूंनी १० सेंमी जास्त ठेवा. नवं सुती कापड असेल तर आधी धुऊन घ्या, ते आटतं.

आता गणित. गोधडी हवी १४० बाय १९० सेंमी, म्हणजे अस्तर १६० बाय २१०. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा ११० सेंमी. एका पन्ह्यात भागत नाही, जोड हवाच. २१० चे दोन उभे तुकडे घेतले, तर ४२० सेंमी साडी गेली. त्याऐवजी १६० चे दोन तुकडे कापून काठाला काठ जोडा आणि आडवे लावा. ११० अधिक ११०, झाले २२०. शिवणीत ३ गेले तरी २१७ उरतात! साडी लागली फक्त ३२० सेंमी. विरलेला भाग वगळायलाही वाव मिळतो.

बाहेरचे काठ मात्र कापून टाकू नका हं. ही साडी कुठल्या लग्नातली, ते आजी त्यावरूनच ओळखते.