‘बोगस’ शब्दाचे नाणे

‘बोगस’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याचे परकेपण आता जाणवतही नाही. बोगस डॉक्टर, बोगस मतदार, बोगस बियाणे तर आहेतच. ‘बोगसगिरी’ हे नामही आपण त्यापासून घडवून घेतले. अमेरिकेत मात्र हा शब्द चोरट्या टाकसाळीतून व्यवहारात आला. १८२७ साली ओहायो राज्यातील एका वृत्तपत्राने खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला ‘बोगस’ म्हटले. पुढे यंत्राचे नाव नाण्याला आणि नाण्याचे साऱ्याच खोट्या वस्तूंना मिळाले. यंत्राला ते का पडले, याविषयी कोशकारांत एकमत नाही. बोर्गीस नावाच्या ठगाची एक कथा मागाहून सांगितली जाऊ लागली. परंतु अभ्यासकांना ती ग्राह्य वाटत नाही. म्हणजे ‘बोगस’ची ही व्युत्पत्तीही बोगसच!

मराठीत खोटेपणाच्या शब्दांची वानवा कधीच नव्हती. खोटा, बनावट, नकली हे होतेच. शिवाय ‘तोतया’सारखा वजनदार शब्द होता. पानिपतावर १७६१ साली पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ साली येथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला व त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या नाटकाने हे बंड घरोघर पोहोचवले.

मग ‘बोगस’ची गरज का भासली? तोतया माणूस असतो. भाऊसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्याला पारखू शकत होती. आजचा व्यवहार अनोळखी माणसांत आणि कागदावर चालतो. तेथे मुद्रा पाहायची ती माणसाची नव्हे, शिक्क्याची. शिधापत्रिका, दाखला, पदवी यांचे खोटेपण सांगायला ‘तोतया’ अपुरा पडतो.

या खोटेपणाची किंमत फसणारा देतोच, पण खऱ्यालाही ती द्यावी लागते. बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली की, रात्र रात्र अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या कागदाकडेही संशयाने पाहिले जाते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले: गिऱ्हाइकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यालाच मधला भाव देतो आणि चांगला माल बाजारातून हटू लागतो.

आमच्या बागायतदाराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कर्नाटकातील आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकला जातो, तेव्हा गिऱ्हाईक आमच्या पेटीलाही हात आखडता घेते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच झाले. परंतु पेटीवर नाव छापायला आंब्याचे झाड लागत नाही, छापखाना पुरतो. मुंबईच्या बाजारात त्या नावामागचा आंबा कोणत्या बागेतला, हे तपासण्याची व्यवस्था किरकोळ दुकानापर्यंत पोहोचत नाही, तोवर मधल्या भावाचा फटका बागायतदारालाच सोसावा लागणार.