लोह जास्त झालंय? धुऊ नका, आम्लता उतरवा

जुलै २०२१ च्या पुरात सावित्री नदीने महाड-पोलादपूरच्या काठच्या जमिनींवर रेती-गाळ आणून टाकला. अशा रेताड जागी हिरवळ पिवळी पडली की सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणली जाते. पण त्या पुडीत लोहही असतं, आणि आपली लाल माती मुळातच लोहाची. सामू ५.५ च्या खाली गेला की मँगनीजही विरघळून मुळांना बाधतं. मग पाणी सोडून धातू धुऊन का टाकू नयेत? इतक्या पावसानेही लोह गेलं नाही. वाहून गेला तो चुनाच.

म्हणून माती तपासून बारीक चुना आणि दरवर्षी कुजलेलं शेणखत द्यावं. चुन्याने धातूंची विद्राव्यता घटते, खत त्यांना बांधून ठेवतं. राबाची, म्हणजे जाळलेल्या पालापाचोळ्याची, राख आम्लता उतरवते खरी, पण शेणखतासारखी रेतीत ओल धरत नाही. चुना अंदाजाने मात्र नको. जादा झाला तर जस्त अडतं.