जुनी पोथी आणि तिचा वाचक

जुने ग्रंथ, जुनी चित्रे आणि दुर्मिळ वस्तू जमवण्याचा छंद आपल्याला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या. एकाने कागद जमवले, दुसऱ्याने वस्तू. परंतु दोघांचेही धन खासगी कपाटात बंद राहिले नाही. ते लोकांपुढे आले. संग्रह आणि साठा यांतील भेद नेमका हाच आहे. हा भेद स्पष्ट करणारे एक उदाहरण पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्ह्यात सापडते.

या जिल्ह्यातील नारनूर भागात गुंजाळा नावाचे गोंडांचे गाव आहे. तेथे काही घरांतून सुमारे डझनभर हस्तलिखिते वंशपरंपरेने जपलेली होती. हैदराबाद विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांचा एक गट प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्यापर्यंत पोहोचला. ही लिपी देवनागरी नव्हती, तेलुगूही नव्हती. ती गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी होती. हस्तलिखितांचा काळ जाणकारांनी १७५० च्या सुमाराचा मानला आहे. त्यांत वारांची, महिन्यांची व सणांची नावे आहेत आणि समाजाचा इतिहासही आहे. गोंडी ही केवळ बोलण्याची भाषा आहे, तिला लेखन नाही, असा अनेकांचा समज होता. या हस्तलिखितांनी तो खोटा ठरवला.

या लिपीची वर्णमालाही पाहण्याजोगी आहे. आपली व्यंजने ‘क’ पासून सुरू होतात. येथे ती ‘य’ पासून सुरू होतात. १९१८ साली बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी एक लिपी तयार केली होती. गुंजाळ्याची लिपी तिच्याहून वेगळी आहे.

आता मुख्य मुद्दा असा. पोथ्या सुखरूप होत्या, परंतु त्या वाचू शकणारी गावात मोजकीच वृद्ध मंडळी उरली होती. ती मंडळी गेली असती तर कागद राहिले असते आणि अर्थ नाहीसा झाला असता. एखादा हौशी संग्राहक आधी तेथे पोहोचून चार पैसे देऊन पोथ्या घेऊन गेला असता, तरीही परिणाम तोच झाला असता. कारण पोथी शहरात आणि वाचक रानात, अशी त्यांची ताटातूट झाली असती. मोडीची दप्तरे घरात असून ती वाचता न येणाऱ्या कुटुंबांना हे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको.

सुदैवाने गुंजाळ्यात घडले ते निराळे. त्या वृद्धांच्या साहाय्याने अक्षरे लावली गेली, २०१४ साली लिपीचा मुद्राक्षरसंच लोकांपुढे आला, आणि २०१८ साली संगणकाच्या जागतिक युनिकोड प्रमाणात तिला स्थान मिळाले. मुलांना ही लिपी शिकवण्याचेही प्रयत्न झाले. येथे पोथीबरोबर तिचे वाचनही जतन झाले.

याच मुलखात दुर्मिळ छापील पुस्तकांचीही एक कथा आहे. १९४० च्या कोमराम भीम यांच्या उठावानंतर हैदराबाद संस्थानाने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीची पाहणी करण्यास पाठवले. पुढे १९४३ च्या सुमारास मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. याला एक सोयीचे कारण होते: थोडेफार शिकलेल्या गोंडांना अक्षरओळख मराठीतून झालेली होती. गोंडांच्या कथा गाणारे परधान तर घरी मराठीच बोलतात. अशा पातळ शालेय पुस्तकांना त्या काळी कोणी मोल दिले नसेल. परंतु फाटून, भिजून, रद्दीत जाऊन नाहीशी होणारी पुस्तके हीच असतात. सोनेरी बांधणीचा ग्रंथ कोणीही जपतो. अंकलिपी जपावयास दृष्टी लागते.

ज्यांना हा छंद आहे किंवा ज्यांच्या माळ्यावर एखादे जुने गाठोडे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक सांगतो. जुन्या कागदाला चिकटपट्टी कधी लावू नये. तिचा डिंक कागद खातो. पाने ऊन आणि ओल यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ठेवावीत. वस्तू कोणत्या गावी, कोणाच्या घरी, केव्हा मिळाली याची नोंद त्याच दिवशी करावी. ही नोंद नसेल तर वस्तूचे निम्मे मोल जाते. कायदाही जाणून घ्यावा. १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे व कलावस्तू, तसेच ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते ही पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

आज छायाचित्र काढणे प्रत्येकाच्या हाती आले आहे. म्हणून पोथी मागण्याऐवजी तिची प्रत मागावी, मूळ पोथी तिच्या घरी राहू द्यावी आणि प्रतीचा एक संच त्या घरालाही द्यावा. आणि सर्वांत आधी, तेथील वृद्धांजवळ बसून ती वाचून घ्यावी. कागद आणखी शंभर वर्षे टिकेल. वाचणारा माणूस तितका काळ थांबणार नाही.